एक नंबरचं सुख

त्या वर्षी मातीनेच दगा दिला. जुनी खाण खरवडून खरवडून संपली होती. नव्या खाणीतली माती दिसायला तांबूस, हाताला मऊ, पण आतून भुरभुरी निघाली. साच्यातून सुटलेली वीट जमिनीवर नीट बसायची, दुपारपर्यंत शहाण्यासारखी वाळायची आणि ऊन कलल्यावर पाहावं तर तिच्या अंगावर केसाएवढी चीर उमटलेली असायची. भट्टीत गेल्यावर त्या चिरेला तोंड फुटायचं. आगीपुढे लपवता येण्यासारखं मातीत काहीच नसतं.

थोरली दिवसभर उकिडवी बसून विटा थापायची. साच्याला राख लावायची, चिखलाचा गोळा वर उचलून त्यात आपटायचा, हाताच्या कडेने वरचा भाग निपटायचा, साचा उलटा करून अलगद उचलायचा. मग एक पाऊल मागे सरकायचं. तिच्या तळहातांवरची रेषांची जाळी केव्हाच पुसली गेली होती. बोटांच्या पेरांत मात्र खाचा पडल्या होत्या आणि त्यांत चिखल वाळून बसायचा, तो रात्री धुतला तरी सकाळी असायचाच.

तिच्या शेजारच्या रांगेत धाकटी, तिच्या दिराची बायको, तीच माती, तसलाच साचा, तीच राख घेऊन बसायची. तिच्या विटा कमी तडकत. का, ते कुणालाच सांगता आलं नसतं. थोरलीने पुष्कळदा तिरक्या नजरेने पाहिलं होतं. गोळा आपटण्याची ढब निराळी नव्हती, की पाण्याचा हात निराळा नव्हता. धाकटी एवढंच करायची की थापताना बडबडायची, हसायची, मधूनच गुणगुणायची. मातीला ते ऐकू जात असेल अशी एक वेडगळ शंका थोरलीला एकदा आली, आणि तिने पुढचा गोळा नको तेवढ्या जोराने आपटला.

भाजलेल्या विटांची प्रतवारी सासूकडे होती. भट्टी उघडली की म्हातारी एका पालथ्या घमेल्यावर बसायची, हातात वीतभर लोखंडी गज. समोर आलेल्या विटेवर एक ठोका, आणि कान तिरका. खणखणीत वाजली की म्हणायची, "एक." किंचित बसका आवाज आला की "दोन." असं उतरत उतरत "पाच"पर्यंत. पाच म्हणजे खड्ड्यात भर घालण्याच्या लायकीची. आकडा ऐकायचा आणि वीट त्या त्या थप्पीवर लावायची. वर्षानुवर्षं ते आकडे ऐकून ऐकून या घराला जगातली प्रत्येक गोष्ट तशीच मोजायची सवय लागली होती. चहा आज तीन नंबर झालाय. झोप कशी लागली? दोन नंबर. शेजाऱ्याचा जावई? चार नंबर, आणि तेही म्हातारी प्रसन्न असली तर.

"सासूबाई, मला ठोकून बघा ना एकदा," धाकटी म्हणायची. "कितवा नंबर लागतो ते कळू दे."

"तुला कशाला ठोकायची? तू आपोआपच वाजत असतेस दिवसभर."

सगळे हसायचे. थोरलीचा नवरासुद्धा, जो एरवी भट्टीच्या तोंडाशी उभा राहून मुकाट धुराकडे पाहत असे, तोही मिशीत हसायचा. थोरली खाली मान घालून थप्पी सारखी करायची. तिला कुणी कधी ठोकून पाहिलं नव्हतं. गंमतीतही नाही.

त्या हंगामात तिला एकाच गोष्टीचा आधार होता. मोठ्या रस्त्यावर विटांची वखार उघडायची ठरली होती. भट्टीपाशी येऊन विटा नेणारी गिऱ्हाइकं कमी झाली होती, तेव्हा माल रस्त्यावर नेऊन मांडायचा आणि घरातल्या एका जोडप्याने तिथेच राहायचं. वखारीला लागून चुना दिलेली एक खोली होती, बाहेर नळ होता, आणि रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी. थोरला व्यवहाराला पक्का, म्हणून तोच जाईल असं सगळे धरून चालले होते. थोरली एकदा ती खोली पाहून आली होती. रिकाम्या खोलीच्या मध्यभागी उभी राहून तिने एक दीर्घ श्वास घेतला होता, आणि त्या श्वासाला राखेचा वास नव्हता.

आरोग्य केंद्रातली ताई आली ती अशा दिवसांत. विशीबाविशीची पोर, गळ्यात पिशवी, पायांतले बूट आल्या आल्या राखेत बुडालेले.

"मनाची विचारपूस करायला आलेय," ती म्हणाली. "घरातल्या बायकांना थोडे प्रश्न विचारायचेत. अगदी छोटे."

"मनाची?" म्हातारीने गज खाली ठेवला. "मन आमचं ठणठणीत आहे. तू माझे गुडघे बघ आधी."

"गुडघ्यांचे डॉक्टर वेगळे असतात, आजी."

"बाई बाई! म्हणजे माणूस एक आणि तुम्ही वाटून घेतलात की काय त्याला?"

ताई हसली, पण तिला एकेकीशी एकांतात बोलायचं होतं. तसा नियम होता. ती धाकटीला कच्च्या विटांच्या थप्पीमागे घेऊन गेली. वारा खेळावा म्हणून कच्च्या विटा मध्ये फटी सोडून रचतात. थोरली पलीकडच्या बाजूला विटांच्या कुशी पालटत होती. त्या फटींतून वाऱ्याबरोबर बोलणंही येत होतं.

"गेल्या महिनाभरात तुम्हाला काय काय वाटलं, त्याचा विचार करा," ताई सांगत होती. "मी एकेक शब्द उच्चारीन. तुम्ही एक ते पाचमधला आकडा सांगायचा. एक म्हणजे जवळजवळ कधीच नाही, दोन म्हणजे..."

"कळलं, ताई, कळलं. आकडे आम्हाला नका शिकवू. दिवसभर तेच तर ऐकत असतो."

"बरं. आनंद?"

"एक!"

"एक?"

"एक म्हणजे एकच. दुसरा आकडाच नाही."

ताई थोडी थांबली. "समाधान?"

"एक."

"दुःख?"

"पाच."

"भीती?" ताईचा आवाज आता खाली आला होता.

"पाच."

"राग?"

"चार लिहा. परवा ह्यांच्यावर चिडले होते."

थोरलीच्या हातातली ओली वीट तशीच राहिली. पलीकडे ताईने सांगितलेलं तिने नीट ऐकलं होतं. एक म्हणजे कधीच नाही. या पोरीला आनंद कधीच नाही? दुःख आणि भीती सतत? तर मग हे हसणं, ही बडबड, हे गुणगुणणं, हे सगळं वरवरचं लिंपण होतं? एक क्षण थोरलीच्या आत काहीतरी सैल झालं. आपण एकट्या नाही, ही जाणीव पायांखालच्या गार मातीसारखी तिच्या अंगात चढली. धाकटीला जवळ घ्यावं, असं त्या क्षणी तिला खरोखर वाटलं.

पण धाकटी थप्पीमागून आली ती नाचतच.

"जाऊबाई, तुमची पाळी! सोपं आहे हो. मी तर धडाधड सांगून टाकलं. आनंद एक नंबर, समाधान एक नंबर. आणि दुःख म्हणाल तर पाच नंबरचं, खड्ड्यात टाकायच्या लायकीचं! बरोबर ना?"

थोरलीला सगळा घोटाळा तिथल्या तिथे उमगला. ताई अजून थप्पीमागेच कागद पालटत होती. एक हाक मारायची आणि सांगायचं, ताई, हिने विटांचे आकडे सांगितले. एवढंच होतं.

"बरोबर," थोरली म्हणाली.

असू दे, तिला वाटलं. सगळीकडे हीच सुखी. कागदावर तरी हिला दुःखी राहू दे.

ताईने थोरलीला समोर बसवलं. या वेळी ती जास्त जपून बोलत होती. आकड्यांचा अर्थ तिने दोनदा सांगितला आणि थोरलीकडून वदवूनही घेतला.

"एक म्हणजे कधीच नाही, पाच म्हणजे सतत," थोरलीने म्हणून दाखवलं.

"अगदी बरोबर. आनंद?"

खरा आकडा तिच्या जिभेवर होता. तो उच्चारला असता तर कदाचित तिला रडूही आलं असतं, आणि ते तिला चाललं असतं. पण मघाची ती नाचत आलेली पावलं तिच्या डोळ्यांसमोरून हलेनात. हिचा आनंद एक नंबरचा, आणि आपण या परक्या पोरीपुढे भिकाऱ्यासारखा हात पसरायचा?

"पाच," ती म्हणाली.

"समाधान?"

"पाच."

"दुःख?"

"एक."

"भीती?"

"एक."

एकेका आकड्याबरोबर ती एकेक वीट वर चढत होती, धाकटीच्या डोक्यावरून पलीकडचं दिसेपर्यंत. शब्द येत राहिले. उत्साह, उदासी, राग. आणि प्रत्येक शब्दाआधी ती ताईच्या ओठांकडे पाहत होती, कारण एक शब्द येईल अशी तिची खात्री होती, ज्याला तिच्याकडे खोटा आकडा नव्हता. तो आला नाही. ताईने कागद मिटला. माणसाच्या मनात काय काय असतं ते शिकल्यासवरलेल्यांनी बसून ठरवलं होतं, आणि त्यांना हेवा आठवला नव्हता. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला अपमान झाल्यासारखं वाटलं.

"याचं पुढे काय करतात?" तिने विचारलं.

"चांगल्यांची बेरीज करतो, वाईटांची बेरीज करतो. मग एकीतून दुसरी वजा."

"आणि काय उरतं?"

"तेच पाहायचं असतं, वहिनी," ताई म्हणाली.

आठवड्याभराने ताई परत आली ती सरळ म्हातारीपाशी. थोरली चहा घेऊन गेली तेव्हा दोघी भट्टीच्या सावलीला बसल्या होत्या.

"तुमच्या थोरल्या सुनेचं कौतुक करायला हवं, आजी. अख्ख्या वस्तीत एवढी समाधानी बाई मला नाही भेटली. तिची काही काळजी नाही." ताईने आवाज खाली आणला. "पण धाकटीकडे लक्ष द्यायला हवं. आमचे मोठे डॉक्टर पुढच्या महिन्यात येतील. तोवर तिला एकटीला सोडू नका. कष्ट कमी द्या. जमलं तर जागाबदल करा."

"धाकटी?" म्हातारीने कपाळाला आठ्या घातल्या. "अगं, ती तर दिवसभर खिदळत असते."

"होतं असं, आजी. हसण्याखाली पुष्कळ काही झाकलेलं असतं."

म्हातारी ते धुडकावून लावील असं थोरलीला वाटलं होतं. पण म्हातारीने चहाचा पेला हातात घेतला आणि तो तसाच निववत बसली.

"माझी बहीण शेवटपर्यंत अशीच हसायची," ती म्हणाली, आणि पेला न पिताच खाली ठेवला.

त्या दिवसापासून घराची चाल बदलली. माती तुडवण्याचं काम धाकटीकडून काढून थोरलीकडे आलं. पहाटेच्या गार चिखलात घोट्यापर्यंत उतरायचं, टाचांनी ढेकळं फोडायची, पाणी ओतायचं, पुन्हा तुडवायचं. पायांच्या भेगांत चिखल शिरून त्या चुरचुरत. तिथून निघालं की साचा होताच. धाकटी सावलीत बसून राख चाळायची. तिचा नवरा येता-जाता तिच्याशी उभा राहून चार शब्द बोलायचा. म्हातारी, जी सुनांना नावाने हाक मारणंही लाड समजायची, ती तिला "दमलीस का गं पोरी?" असं विचारायची.

"मी कशाला दमू? बसूनच तर आहे," धाकटी हसायची.

ती हसली की म्हातारीच्या तोंडावर काळजी दाटायची. जितकी ती हसे, तितकी सगळ्यांची तिच्यावरची माया वाढे. थोरलीला हे चिखलातून दिसत होतं.

एकदा धाकटी तिच्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "जाऊबाई, मला काय झालंय हो? सगळे माझ्याकडे असे बघतात, जणू मला कुठे तडा गेलाय आणि तो मलाच दिसत नाही."

आताही सांगता आलं असतं. थोरलीने पाय चिखलातून उपसला. "दमली असशील," ती म्हणाली. "चेहऱ्यावर दिसतं."

धाकटीने स्वतःच्या गालाला हात लावून पाहिला. तिच्या राखेच्या बोटांचे ठसे तिथे उमटले, आणि ते ठसेसुद्धा तिला शोभून दिसले.

घाव पडला तो जेवताना. म्हातारी कुणाकडेही न पाहता म्हणाली, "वखारीवर धाकटी जोडी जाईल. पोरीला जागाबदल हवाय."

थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने घास चावून संपवला. "ठीक आहे," तो म्हणाला.

निजायच्या वेळी तिने त्याला गाठलं. "तुम्ही एक शब्द बोलला नाहीत."

"काय बोलणार? तिला बरं नाही."

"आणि मी?"

"तुझं काय?" तो अंथरूण झटकत होता, तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावर एक लाजरं, ओळख नसलेलं हसू आलं. "आईने सांगितलं मला. ताई म्हणाली म्हणे, एवढी समाधानी बाई वस्तीत नाही. मला वाटायचं... म्हणजे मी फारसं बोलत नाही, कुठे नेत नाही तुला. मला वाटायचं तू आतल्या आत धुमसत असशील. बरं वाटलं ऐकून."

इतकं सलग तो तिच्याशी वर्षभरात बोलला नव्हता. आणि तो बोलला होता ते तिच्या खोट्याशी. ती अंधाराकडे तोंड करून पडून राहिली. धाकटीने तिची खोली नेली, एवढंच नव्हतं. जे दुःख तिने इतकी वर्षं एकटीने भाजलं, वर राख पसरून धगधगत ठेवलं, ते तिचं दुःखसुद्धा धाकटीच्या नावावर चढलं होतं आणि त्याचे लाड चालले होते. आणि धाकटीला ते नकोही होतं. ते आपल्याकडे आहे हेही तिला ठाऊक नव्हतं.

पुढचे दिवस तिने मुकाट काम केलं. विटा तडकत राहिल्या. म्हातारीच्या तोंडून "एक" क्वचितच निघे. थोरली गोळा आपटायची तेव्हा त्यात इतका जोर असायचा की साच्याची एक बाजू निखळली आणि ती तिलाच खिळे मारून बसवावी लागली. अंगठ्यावर हातोडी बसली. नख काळंनिळं झालं. कुणी विचारलं नाही. समाधानी बाईच्या अंगठ्याची काळजी कोण करणार?

वखारीवर जायच्या आदल्या दिवशी ताई पुन्हा आली. तेच प्रश्न पुन्हा विचारून काही फरक पडलाय का ते तिला पाहायचं होतं. धाकटीची गाठोडी दारात बांधून ठेवली होती. भट्टी निवत होती म्हणून सगळेच अंगणात होते. थोरला आणि त्याचा भाऊ विटांची गाडी भरत होते. म्हातारी घमेल्यावर बसली होती.

"कसं वाटतंय आता?" ताईने धाकटीला विचारलं.

"छान! उद्या आम्ही वखारीवर चाललो. तिथे खिडकी आहे म्हणे रस्त्याकडे. मी तर ठरवलंय, दिवसभर खिडकीतच बसायचं. येणारी-जाणारी माणसं बघायची. जाऊबाई, तुम्ही पाहिलीय ना खिडकी? मोठी आहे?"

तिच्या स्वरात टोचून बोलण्याचा अंशही नव्हता. असता तर थोरली गप्प राहिली असती.

"ताई," थोरली म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "हिला काही झालेलं नाही. हिला तुमचे आकडेच कळले नव्हते. हिने विटांसारखं मोजलं. आमच्याकडे एक म्हणजे सगळ्यांत चांगली वीट. पाच म्हणजे टाकाऊ. हिने आनंद एक सांगितला तो एक नंबरचा म्हणून."

ताई एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहू लागली. "म्हणजे... आनंद एक म्हणजे..."

"एक म्हणजे एक!" म्हातारी ओरडली. "दुसरं काय असणार? तुमच्याकडे एक म्हणजे काय असतं?"

"कधीच नाही, आजी. आमच्याकडे एक म्हणजे कधीच नाही."

मग धाकटीला हसू फुटलं. ती हसत हसत खालीच बसली. "अगं बाई! म्हणजे मी महिनाभर दुःखात बुडाले होते आणि मलाच पत्ता नाही! म्हणून सासूबाई मला पोरी पोरी करत होत्या होय?" तिचा नवरा गाडीला टेकून हसू लागला. म्हातारीने उठून धाकटीच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि तो घालताना तिचे डोळे भरून आले.

"माझीच चूक," ताई कानकोंडी होऊन म्हणाली. "मी वदवून घ्यायला हवं होतं." तिने पिशवीतून जुने कागद काढले. "हे दुरुस्त करते. धाकट्या वहिनींचं सगळं उलटं लिहायचं. आणि थोरल्या वहिनींचे..." ती वाचत गेली. "आनंद पाच. समाधान पाच. दुःख एक."

हसणं थांबलं.

"आनंद पाच?" म्हातारी हळूच म्हणाली.

या घरात त्या आकड्याचा एकच अर्थ होता. सगळ्यांची तोंडं थोरलीकडे वळली. नवऱ्याच्या हातात वीट होती. ती त्याने गाडीत ठेवली नाही, खालीही ठेवली नाही.

"पण यांना मी समजावून..." ताई बोलता बोलता थांबली. तिने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने आकड्यांचा अर्थ तिला घडाघडा म्हणून दाखवला होता, ते तिला आठवलं असणार. तरी तिने विचारलं, आणि विचारताना आवाज अगदी सपाट ठेवला. "वहिनी, तुम्हीही विटांसारखंच मोजलं होतंत का?"

नाही म्हटलं तर ती वस्तीतली सर्वांत समाधानी बाई राहणार होती. नवऱ्याचं ते लाजरं हसू राहणार होतं. खोलीही मिळाली असती कदाचित, धाकटीला आता काही झालेलं नव्हतंच. पण म्हातारीचा शब्द म्हातारी सहसा मागे घेत नसे. आणि हो म्हटलं, तर ते खोटं असूनही तिच्या तोंडून गेल्या कित्येक वर्षांत निघालेलं सर्वांत खरं बोलणं झालं असतं.

"हो," थोरली म्हणाली.

ताईने पेन्सिल उचलली. एकेक आकडा खोडून त्याच्या जागी उलटा आकडा लिहायला तिला वेळ लागला. मान वर न करता ती लिहीत राहिली.

"दुःख एक नंबरचं?" थोरल्याने विचारलं. तो बायकोला विचारत नव्हता; हातातल्या विटेला विचारल्यासारखा बोलला.

थोरलीने मान डोलावली.

त्याने वीट खाली ठेवली. तो भट्टीच्या मागच्या बाजूला निघून गेला, आणि तिथे तो काय करत होता ते कुणी पाहिलं नाही.

म्हातारी बराच वेळ गज दोन्ही हातांत फिरवत बसली. या घरात आपण कुणाला कधी काय बोललो, काय दिलं, काय दिलं नाही, याचा हिशेब ती लावत असावी, किंवा नुसतीच दमली असावी. शेवटी ती म्हणाली, "मग वखारीवर थोरली जाईल." आणि धाकटीला, "गाठोडं सोड गं."

थोरलीच्या मनात इतके दिवस हा क्षण कितीतरी वेळा घडून गेला होता. प्रत्येक वेळी तिला त्यात मोठं सुख झालं होतं. आता ती त्या सुखाची वाट पाहत उभी राहिली.

धाकटी दाराशी जाऊन गाठ सोडू लागली. गाठ घट्ट बसली होती. तिने दात लावून ती सैल केली.

"तुमचे प्रश्न एकदा नीट विचारून घेते," ताई तिच्यापाशी जाऊन म्हणाली. "म्हणजे घोळ राहणार नाही. आता आमचे आकडे हं. एक म्हणजे कधीच नाही. आनंद?"

"पाच. तुमचा पाच."

"समाधान?"

"पाच."

"भीती?"

"एक."

"दुःख?"

धाकटी थांबली. तिने सोडलेल्या गाठोड्यातले दोन कपडे घडी करून बाजूला ठेवले. "महिनाभराचं विचारताय ना?"

"हो."

"महिनाभराचं एकच होतं." मग तिने मान वर केली. तिने थोरलीकडे पाहिलं नाही, म्हातारीकडेही नाही. तिच्या चेहऱ्यावर कुणाबद्दल तक्रार नव्हती. "पण आजचं धरायचं असलं तर दोन लिहा."

ताईने दोन लिहिला.

थोरली चार पावलांवर उभी होती. तो आकडा तिनेच घडवला होता, हे तिला कळत होतं. तो या पोरीच्या तोंडून निघावा म्हणून ती कितीदा तरी झुरली होती. आणि तरी त्या क्षणी तिच्या छातीत जे उसळलं ते पश्चात्तापासारखं काही नव्हतं. ते जुनंच होतं, आणि आधीपेक्षा जास्त जळणारं. कारण धाकटीला आपलं दुःख असं सांगता आलं होतं, भर अंगणात, सगळ्यांच्या देखत, जेवढं होतं तेवढंच. त्याच्यासाठी तिला कुणाच्या चुकीचा आडोसा घ्यावा लागला नव्हता.